बालकांचा योग : एका नव्या परंपरेची कुळकथा

लहान मुलांना योगासनें शिकविण्याची चाल आपल्याकडे हजारों वर्षें चालत आली आहे, असें विधान हल्लीं व्याख्यानांतून आणि शालेय पुस्तकांतून इतक्या सहजपणें केलें जातें कीं, त्यास आधार काय असें विचारणाराच उद्धट ठरावा. तो उद्धटपणा पत्करून आम्हीं जुने ग्रंथ चाळले. त्यांतून जें दिसलें तें असें कीं, मुलांचा योग ही वस्तु फार प्राचीन नाहीं. ती फार तर शंभर-सव्वाशें वर्षांची आहे. तिचा जन्म बव्हंशीं महाराष्ट्र, बडोदें व म्हैसूर ह्या मुलुखांत झाला. आणि तिचे आईबाप संन्यासी नसून शाळामास्तर, तालीमबाज व संस्थानिक होते. एवढ्यानें तिची किंमत कमी होते असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. पुरातनत्वाचा खोटा दाखला जोडल्यामुळें तिच्या खऱ्या जनकांचे श्रम विसरले जातात, आणि मुलांना तिच्यापासून नेमका लाभ कोणता, हा साधा प्रश्न विचारण्याचेंही राहून जातें, ही आमची तक्रार आहे.

स्वात्मारामाची हठप्रदीपिका हा हठयोगावरील सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ होय. तो साधारणपणें पंधराव्या शतकांतील समजला जातो. त्याच्या पहिल्या उपदेशाच्या अखेरीस योगाचा अधिकारी कोण ह्याची एक लहानशी यादी आहे. तरुण, वृद्ध, अतिवृद्ध, रोगी, दुर्बळ, ह्या सर्वांस अभ्यासानें सिद्धि मिळते असें तेथें सांगितलें आहे. यादी उदार आहे. मरणाच्या दारीं बसलेल्या म्हाताऱ्यासही तिनें वगळलेलें नाहीं. पण बालकाचें नांव तींत नाहीं. हें केवळ विस्मरण नसावें. त्याच ग्रंथांतील योग्याची ती लहानशी मठी, तिचें अरुंद दार, तो एकांत, तो मिताहार, आणि विद्या गुप्त राखण्याची ती ताकीद, हें सर्व पाहिलें म्हणजे अशा जागीं आठ-दहा वर्षांचें मूल ग्रंथकाराच्या कल्पनेंतही आलें नसेल हें उघड होतें. तेथें वर्णिलेलीं आसनें पंधरा. त्यांतील बहुतेक बसण्याचीं, आणि उभ्यानें करावयाचें त्यांत एकही नाहीं. योगसूत्रांवरील व्यासभाष्यांत जीं दहाबारा नांवें येतात, तींही बैठकीचींच.

ह्यास अपवाद म्हणून दोन गोष्टी कोणी पुढें करील. पहिली संध्येची. मुंज झालेल्या मुलास संध्या शिकवितांना प्राणायाम शिकवीत, आणि ब्राह्मणाच्या मुंजीस गृह्यसूत्रांनीं आठवें वर्ष सांगितलें आहे. तेव्हां नाक धरून श्वास रोखण्याची क्रिया आठ वर्षांचा बटु करीत असे हें खरें आहे. परंतु तो आरोग्याचा पाठ नव्हता, उपासनेचें अंग होतें. आणि तेंही द्विजांच्या मुलग्यांपुरतें. मुली आणि बाकीचा सारा समाज त्याच्या बाहेर होता. दुसरी गोष्ट ध्रुवाची. पांच वर्षांच्या पोरानें वनांत जाऊन श्वास रोखून एका पायावर उभें राहावें, ही कथा पुराणकार अद्भुत म्हणून सांगतो, अभ्यासक्रम म्हणून नव्हे. घरोघरचीं पोरें तसें करूं लागतीं, तर आयांनीं पुराणिकास गांवांत टिकूं दिलें नसतें.

मुलांच्या शरीराची काळजी आपल्याकडे घेतली जात नसे असा मात्र ह्याचा अर्थ नव्हे. ती तालमींत घेतली जाई. जोर, बैठका, कुस्ती आणि मल्लखांब हें पोरांचें शिक्षण होतें. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं असलेल्या बाळंभटदादा देवधरांनीं मल्लखांबास नवें तेज आणलें हें सर्वश्रुत आहे. समर्थ रामदास नित्य बाराशें नमस्कार घालीत अशी परंपरा सांगते; तिचा ऐतिहासिक पुरावा कांहींही असो, नमस्कार हा मुलाला धडधाकट करणारा व्यायाम आहे ही समजूत जुनीच दिसते. पण तालीम एका आळींत आणि योगी दुसऱ्या डोंगरावर, असा हा संसार होता. त्यांची गांठ पडण्यास इंग्रजी शाळा निघावी लागली.

इंग्रजी शाळेनें मुलाला दिवसांतील पांच-सहा तास बांकावर बसविलें. त्याचे परिणाम विचारी लोकांना लवकरच दिसूं लागले. डेक्कन कॉलेजांत पहिलें वर्ष टिळकांनीं शरीर कमावण्यांत घालविलें आणि परीक्षा बुडविली, ही गोष्ट आज कौतुकानें सांगतात. तिच्यामागें पदवीधरांच्या पिढीची एक खरी धास्ती होती. विद्यापीठाचे पदवीधर अकालीं कां मरतात, ह्या प्रश्नानें गेल्या शतकापूर्वींच्या शतकाच्या अखेरीस इतकी खळबळ उडविली कीं, न्यायमूर्ति रानड्यांसारख्या गृहस्थास त्याचे आंकडे जमविण्याचा उद्योग करावा लागला. सरकारी उपाय होता ड्रिलचा : पलटणींतून निवृत्त झालेला कोणी हवालदार आणावा, त्यानें इंग्रजी हुकूम द्यावेत, आणि अर्थ न समजणाऱ्या पोरांनीं हात वर-खालीं करावेत. ह्या ड्रिलला आपल्या मातींतला पर्याय हवा, ही तळमळ आमच्या विषयाच्या मुळाशीं आहे.

औंधचे श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) ह्यांचें नांव येथें प्रथम घेतलें पाहिजे. स्वतः पदवीधर, चित्रकार आणि कीर्तनकार असा हा संस्थानिक होता. तरुणपणीं त्यांनीं युरोपांतील प्रख्यात बलवान सँडो ह्याचीं पुस्तकें व उपकरणें मागविलीं आणि वर्षानुवर्षें त्याच्या पद्धतीनें मेहनत केली. नंतर ती सोडून ते नमस्कारांकडे वळले. हा तपशील आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. जो पाश्चात्य व्यायामाच्या कसोटीला आधीं उतरला, त्यानेंच पुढें देशी व्यायामाचें शास्त्र बसविलें. नमस्काराच्या दहा अवस्था, प्रत्येक अवस्थेंत श्वास केव्हां घ्यावा व केव्हां सोडावा, हें जें रेखीव कोष्टक त्यांच्या पुस्तकांत आहे, त्यांत त्या आधींच्या वर्षांची शिस्त स्पष्ट दिसते. १९०९ सालीं ते गादीवर आले. संस्थान केवढें? बहात्तर गांवांचें, औंध, आटपाडी, कुंडल असे एकमेकांपासून तुटलेले तुकडे. पण त्या तुकड्यांतील शाळांत त्यांनीं नमस्कार सक्तीचे केले, मुलांना आणि मुलींनाही. मुलींचा उल्लेख आम्ही मुद्दाम करीत आहों. ज्या काळीं मुलीनें पोलका घालून शाळेंत जावें कीं नाहीं ह्यावर वाद होत, त्या काळीं खुद्द राजघराण्यांतील स्त्रिया नमस्कार घालीत आणि शाळेंतील मुलींकडून ते घालवून घेतले जात. संध्येच्या प्राणायामाला जी वेस ओलांडतां आली नव्हती, ती नमस्कारानें ओलांडली.

पुढें पंतप्रतिनिधि विलायतेस गेले असतां लुईस मॉर्गन नांवाच्या पत्रकार बाईंनीं १९३६ सालीं त्यांच्या ह्या व्यायामाची वार्ता तेथील वृत्तपत्रांतून दिली, आणि १९३८ सालीं बाईंनींच संपादिलेलें त्यांचें इंग्रजी पुस्तक लंडनास निघालें. गंमत अशी कीं, त्यांच्या लिखाणांत नमस्कार येतो तो व्यायाम म्हणून आणि उपासना म्हणून. योग ह्या सदराखालीं नव्हे. आज जगांतील कोणत्याही योगवर्गांत पहिला धडा सूर्यनमस्काराचा असतो. औंधांतच राहून वैदिक वाङ्मयाचें प्रचंड काम करणाऱ्या पंडित सातवळेकरांनीं आसनांवर आणि नमस्कारांवरही लिहिलें. तेव्हां एका लहानशा गांवांत दोन प्रवाह शेजारीं शेजारीं वाहत होते असें म्हणण्यास हरकत नाहीं.

ते मिसळले बडोद्यास व लोणावळ्यास. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरांत प्रोफेसर माणिकरावांनीं देशी व्यायामाला सांघिक रूप दिलें. रांगा केल्या आणि हुकूम आपल्या भाषेंत आणले. शंभर मुलें एका वेळीं, एका तालावर, समजणाऱ्या शब्दांवर हालचाल करतात, हें दृश्य आज सामान्य वाटतें. तेव्हां तें नवें होतें. (ह्याच बडोद्यांत पुढें दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनीं १९३६ ते १९४९ ह्या काळांत दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश काढला. असा ग्रंथ मराठींत आहे ह्याची आठवण शारीरिक शिक्षणाच्या आजच्या पदवीधरांस करून द्यावी लागते.) माणिकरावांच्या हाताखालीं तयार झालेला एक तरुण म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३, संस्कृताची शंकरशेट शिष्यवृत्ति मिळविलेला, अमळनेर येथें शिक्षकी केलेला. पुढें नर्मदाकांठीं मालसर येथें परमहंस माधवदासजींकडे त्यांनीं योगाभ्यास केला आणि ते स्वामी कुवलयानंद झाले. तालीम आणि मठी ह्या दोहोंचें शिक्षण एकाच माणसास मिळालें, हा आमच्या इतिहासांतील निर्णायक योग होय.

१९२४ सालीं त्यांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें आणि ‘योगमीमांसा’ हें त्रैमासिक सुरू केलें. उड्डियान व नौलि करतांना पोटांत काय घडतें, हें त्यांनीं क्षकिरणांनीं आणि दाबमापकांनीं तपासलें. ह्या प्रयोगांबद्दल पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्हांस त्यांच्या एका धाकट्या पुस्तकाबद्दल बोलावयाचें आहे. १९३६ सालीं त्यांचें ‘यौगिक संघ व्यायाम’ निघालें. त्यांत आसनांचे टप्पे पाडून ते हुकुमांवर आणि अंकांवर बसविले आहेत. एक म्हणतांच गुडघे, दोन म्हणतांच हात, अशा धाटणीनें सारा वर्ग भुजंगासनांत जातो आणि परत येतो. साधकांस हें पटणार नाहीं. आसनाचें मर्म स्थैर्यांत आणि सुखांत आहे. अंक मोजीत केलेल्या आसनांत दोन्हींची हानि होते, हा आक्षेप खराच आहे. पण स्वामी शिक्षक होते. चाळीस मुलांचा वर्ग, अर्ध्या तासाचा अवकाश, एकच मास्तर, आणि एका जागीं स्वस्थ न बसणारें वय, ही सामग्री त्यांच्या डोळ्यांपुढें होती. त्यांनीं योगाला शाळेच्या घंटेंत बसविलें. १९३८ सालीं कांदिवलीस सरकारी शारीरिक शिक्षणसंस्था निघाली, आणि देशी व्यायाम शिकविणारे मास्तर पदवी घेऊन बाहेर पडूं लागले.

ह्याच सुमारास म्हैसुरांत निराळ्या वाटेनें तीच गोष्ट घडत होती. महाराज कृष्णराज वडियार ह्यांच्या आश्रयानें तिरुमलै कृष्णमाचार्यांनीं १९३३ सालीं जगन्मोहन राजवाड्यांत योगशाळा उघडली. शिष्य कोण? राजवाड्याशीं संबंध असलेल्या घराण्यांतील मुलगे आणि संस्कृत पाठशाळेंतील विद्यार्थी. म्हणजे चपळ, लवचिक, पटकन् कंटाळणारीं पोरें. एका आसनांतून दुसऱ्यांत उडी मारून जाणें, मध्यें कोठें खंड न पडूं देणें, श्वासागणिक एक हालचाल करणें, अशी जी धावती पद्धति तेथें विकसित झाली, तिचा उगम कशांत आहे ह्यावर विद्वानांत वाद आहे. नॉर्मन स्योमन (१९९६) ह्यांनीं राजवाड्यांतील व्यायामशाळेकडे बोट दाखविलें. मार्क सिंगल्टन (२०१०) ह्यांनीं त्या काळच्या युरोपीय शालेय कवायतीशीं तिचें साम्य दाखविलें. आम्हांस त्याहून साधें कारण पुरेसें वाटतें : शिकणारीं मुलें होतीं. स्वतः आचार्यांनीं पुढें मद्रासेस वेगळ्या वयाच्या लोकांना वेगळें शिकविलें. बालकांसाठीं सृष्टिक्रम, संसारी माणसासाठीं स्थितिक्रम, वार्धक्यासाठीं अंत्यक्रम, असा भेद त्यांच्या शिष्यपरंपरेंत सांगितला जातो. तेव्हां न्यूयॉर्कच्या किंवा लंडनच्या योगवर्गांत पन्नाशीचा गृहस्थ घाम गाळीत ज्या उड्या मारतो, त्या मूळच्या म्हैसूरच्या बारा वर्षांच्या पोराच्या आहेत.

त्या शाळेंत १९३४ सालीं एक किडकिडीत मुलगा आला. इन्फ्लुएंझाच्या सालीं, म्हणजे १९१८ त, जन्मलेला; हिंवताप, विषमज्वर, क्षय ह्यांनीं पोखरलेला. आचार्य त्याच्या बहिणीचे यजमान. तीन वर्षांनीं, १९३७ त, त्याला पुण्यास डेक्कन जिमखान्यावर शिकविण्यास धाडलें, तेव्हां तो अठरा वर्षांचा होता आणि कॉलेजांतील त्याचे कित्येक शिष्य त्याच्याहून वयानें मोठे होते. हे बी. के. एस. अय्यंगार. योगानें मुलाची प्रकृति सुधारते ह्याचें उदाहरण म्हणून त्यांची गोष्ट नेहमीं सांगतात, आणि ती खरी आहे. तिचा दुसरा अर्धा भाग मात्र सांगत नाहींत. गुरूंच्या शिकवणींतील कठोरपणा आणि एका प्रात्यक्षिकाच्या वेळीं न जमणारें आसन आज्ञेवरून केल्यानें मांडीच्या स्नायूंस झालेली इजा, हें अय्यंगारांनीं स्वतःच सांगून ठेवलें आहे. पुढें त्यांनीं पाट, दोर, खुर्च्या, लोड ह्यांचा आधार देऊन आसनें शिकविण्याची जी पद्धति बसविली, तिच्यामागें ही आठवण असेल असें आम्हांस नेहमीं वाटत आलें आहे.

म्हैसूरच्या दुसऱ्या एका शिष्याची, पट्टाभि जोइसांची, कथा अधिक चमत्कारिक आहे. त्यांनीं ती धावती पद्धति तशीच जतन केली, अमेरिकेंतील श्रीमंत शिष्यांनीं ती तिकडे नेली, आणि २०१२ सालीं कॅलिफोर्नियांतील एन्सिनिटास गांवच्या प्राथमिक शाळांत जोइसांच्या नांवानें निघालेल्या एका न्यासानें पांच लाख डॉलरांहून अधिक देणगी देऊन ती मुलांस शिकविण्यास सुरुवात केली. कांहीं पालक न्यायालयांत गेले : हा हिंदु धर्माचा प्रचार आहे. शाळाधिकाऱ्यांनीं संस्कृत नांवें काढून टाकलीं. पद्मासनाचें ‘क्रिस-क्रॉस ॲपलसॉस’ झालें. न्यायालयानें २०१३ त, आणि अपिलांत २०१५ त, निर्णय दिला कीं, योगाचीं मुळें धर्मांत असलीं तरी ह्या शाळांतील तास धार्मिक नाहीं. आमच्यापैकीं पुष्कळांस नांवें बदलल्याचा राग आला. पण माणिकरावांनीं इंग्रजी हुकूम काढून देशी घातले तेव्हां जें केलें, तेंच उलट दिशेनें एन्सिनिटासच्या मास्तरांनीं केलें. मुलाला समजेल अशा शब्दांत सांगणें हा शाळेचा धर्मच आहे.

आतां लाभाचा प्रश्न. औंधच्या पुस्तकांत नमस्कारांच्या गुणांची जी यादी आहे, ती वाचतांना पेटंट औषधांच्या जाहिरातींची आठवण होते. आजच्या पत्रकांतील यादी तिच्याहून आंखूड नाहीं. स्मरणशक्ति, उंची, एकाग्रता, सदाचार, परीक्षेंतील गुण, सारें कांहीं तींत आहे. मोजून पाहिलें तेव्हां काय दिसलें? १९९३ सालीं बंगळूरच्या शर्ली टेलिस व त्यांचे सहकारी ह्यांनीं दाखविलें कीं, दहा दिवसांच्या योगशिबिरानंतर शाळकरी मुलांचा हात स्थिर राहण्याची शक्ति वाढते. लहानसाच निष्कर्ष, पण ज्यानें मुलांना वळणदार अक्षर काढावयास शिकविलें आहे त्याला त्याची किंमत कळेल. त्यांच्याच नेतृत्वाखालीं हरिद्वार येथें केलेली दुसरी पाहणी २०१३ त प्रसिद्ध झाली. ९८ मुलांचे दोन गट केले. एकाला तीन महिने योग, दुसऱ्याला तितकेच दिवस साधा व्यायाम. शिक्षकांच्या मतें दोन्ही गटांचें लक्ष आणि वर्तन सुधारलें. योगाच्या गटाचा आत्मविश्वास एकंदरींत वाढला. पण चारचौघांत मिसळण्याच्या बाबतींतला आत्मविश्वास व्यायामाच्या गटांत अधिक दिसला. योगसंस्थेशीं संबंध असलेल्या संशोधकांनींच हें छापलें, ही गोष्ट आम्हांस योगाच्या यशाहूनही समाधानाची वाटते. तात्पर्य, योग हा खेळाचा पर्याय नव्हे. आट्यापाट्या आणि खोखो ह्यांत मूल जें दुसऱ्या मुलाकडून शिकतें, तें डोळे मिटून शिकतां येत नाहीं. डोळे मिटून तें जें शिकतें, म्हणजे श्वासाकडे लक्ष, थकल्यावर सैल सुटणें, आपल्या शरीराची हद्द ओळखणें, तेंही मैदानावर सहसा मिळत नाहीं.

सक्तीविषयीं आमचें मत संमिश्र आहे. औंधांत सक्ति नसती, तर त्या मुलींना नमस्कार कधीं घडलेच नसते. पण बहात्तर गांवांच्या, राजा स्वतः पहांटे उठून नमस्कार घालणाऱ्या संस्थानाची सक्ति निराळी, आणि परिपत्रकानें सुटलेली सक्ति निराळी. सर्व शाळांत योग सक्तीचा करावा ही मागणी २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें मान्य केली नाहीं, हें ठीकच झालें. २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन पाळला जातो. त्या दिवशीं मैदानें भरतात, छायाचित्रें निघतात, आणि दुसऱ्या दिवशीं शारीरिक शिक्षणाचा तास गणिताचे मास्तर मागून नेतात. आमच्या लहानपणीं रथसप्तमीच्या नमस्कारांचेंही असेंच होत असे.

कुवलयानंदांच्या त्या धाकट्या पुस्तकांतील व्यायामास उपकरण लागत नाहीं. अंगापुरती जमीन, एक सतरंजी आणि हळू आवाजांत मोजणारा एक शिक्षक, एवढें पुरतें. मुंबईपुण्यांतील ज्या शाळा इमारतींच्या दोन-तीन मजल्यांवर भरतात, ज्यांच्या मुलांना धांवावयास गल्लीही उरलेली नाहीं, त्या शाळांत हें पुस्तक आज किती जणांनीं पाहिलें आहे?